धुण्यांत फाटलेलें दुपटें

वाचण्याचा भाग : मार्क २:१८-२२. ताडून पाहण्यासाठीं : लूक ५:३६.



श्रीरामपूर तालुक्यांतील बहिणींस पाटावरचें धुणें म्हणजे काय हें सांगावयास नको. प्रवरा नदीवर भंडारदरा येथें बांधलेलें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या कालव्यांच्या पाण्यावर ह्या मुलखांत ऊंस वाढला, साखर आली, आणि पाटाच्या कडेला धुण्याचे धोंडेही आले. पुढें अति पाण्यामुळें कित्येक जमिनी चोपण झाल्या व कित्येक विहिरी मचूळ झाल्या. अशा विहिरीच्या पाण्यांत साबणाला फेंस येत नाहीं. कपडा वाळला म्हणजे कडक होतो आणि लहान मुलाच्या अंगाला बोंचतो. म्हणून ज्या घरीं नळ आला आहे त्या घरच्या आजीबाईसुद्धां बाळाचीं दुपटीं धुवावयाचीं झालीं कीं पाटाच्या पाण्याची आठवण काढितात. मी पाळक आहें, परीट नव्हे. तथापि आज जें लिहावयाचें आहे तें धुण्याविषयीं व शिवण्याविषयींच आहे, आणि तें मला आमच्या मंडळींतील तीन बायकांनीं शिकविलें आहे.

दुपटें म्हणजे बाळाची गोधडी. आपल्याकडे तान्ह्या मुलाला कोऱ्या कापडांत गुंडाळीत नाहींत. आजीचें नेसून विरलेलें लुगडें, आजोबांचें जुनें धोतर, हीं कापडें शेंकडों वेळां पाण्यांतून गेलेलीं असतात. त्यांतील खळ केव्हांच निघून गेलेली असते, आणि त्यांचें सूत झिजून झिजून लोण्यासारखें मऊ झालेलें असतें. अशा कापडाचे दोन किंवा तीन पदर एकावर एक घालावयाचे, कडेपासून धांवदोरा घालीत आंत आंत यावयाचें, चौकोनांत चौकोन काढीत मध्यावर पोंचावयाचें, ही गोधडी शिवण्याची जुनी रीत होय. बिहारांत अशाच कामाला सुजनी म्हणतात, बंगालमध्यें कांथा. दूर अमेरिकेंत अलाबामा राज्यांतील जीज् बेंड नांवाच्या खेड्यांत गरीब कृष्णवर्णी शेतकरी बायका कामाच्या फाटक्या कपड्यांतून गोधड्या शिवीत आल्या. त्यांतील मिसूरी पेटवे नांवाच्या बाईनें १९४२ सालीं, नवरा वारल्यावर, त्याच्या शेतांतील कामाच्या कपड्यांची गोधडी शिविली. त्याची आठवण अंगावर घेऊन निजावें एवढाच तिचा हेतु होता. गोधडी फाटली म्हणजे काय काय फाटतें हें त्या बाईला कोणी समजावून सांगण्याची जरूरी पडली नसती. मला मात्र पडली.

आतां घडलेली गोष्ट सांगतों. श्रीरामपुरांत आमच्या मंडळींतील एक कुटुंब आहे. नांव सांगत नाहीं. सासू व सून ह्या दोघींनीं लिहावयास परवानगी दिली आहे, तेवढें पुरे. त्या घरीं नातू झाला, आणि त्याच्या बाप्तिस्म्याचा रविवार ठरला. सासूबाईंच्या ट्रंकेंत एक दुपटें होतें. तें त्यांच्या आईनें आपल्या हातानें शिवून पहिल्या बाळंतपणीं बाळंतविड्याबरोबर दिलें होतें. वरचा पदर इरकली लुगड्याचा, खालचा पांढऱ्या धोतराचा, मधें जुन्या कापडाचे तुकडे, आणि भोंवतीं खारव्याचा तांबडा गोट. त्या घरचीं सारीं मुलें ह्याच दुपट्यांत निजलीं. मग तें कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेंत ठेविलें, तें तीस वर्षें तेथेंच. सासूबाईंनीं तें बाहेर काढून बाजेवर ठेविलें व म्हणाल्या, "ह्याच्यांतच न्यायचं बाळाला देवळांत."

सून शिकलेली, घर टापटिपीनें ठेवणारी. दुपट्याला ट्रंकेचा कुबट वास येत होता. सासूबाई बाजारांत गेल्या असतां त्यांनीं येण्यापूर्वीं तें स्वच्छ करून ठेवावें, म्हणजे त्यांस बरें वाटेल, असें तिच्या मनांत आलें. तिनें तें धुण्याच्या यंत्रांत घातलें, पाणी ऊन सोडलें, पावडर घातली. यंत्रानें आपलें काम केलें. दुपटें बाहेर निघालें तेव्हां मधल्या घडीवर वीतभर फाटलें होतें, धांवदोऱ्याच्या सात-आठ ओळी उसवल्या होत्या, आंतले तुकडे एका कोपऱ्यांत जाऊन त्यांचा गोळा झाला होता, आणि खारव्याचा तांबडा रंग पांढऱ्या धोतरभर पसरला होता. घाबरून तिनें तें उन्हांत घातलें, आणि वाळल्यावर डाग कमी दिसेल ह्या आशेनें त्यावर इस्त्री फिरविली.

सासूबाई घरीं आल्या. दुपट्याकडे पाहिलें. बराच वेळ कांहींच बोलल्या नाहींत. मग एकच वाक्य बोलल्या : "तुझ्या आईनं तुला कांहींच शिकवलं नाहीं." त्यानंतर आठ दिवस त्या घरांत सासू सुनेशीं बोलली नाहीं. चहा होत होता, भाकरी होत होत्या, प्रार्थनासुद्धां होत होती. पण एका चुलीवर दोन घरें नांदावीं तसें चाललें होतें.

सुनेनें स्वस्थ बसून राहावें असें तिच्या स्वभावांत नव्हतें. ती बाजारांत गेली, लुगड्याच्या रंगाशीं जुळेलसें नवें कापड घेतलें, आणि शिंप्याकडून यंत्रावर पक्क्या दोऱ्यानें ठिगळ लावून आणिलें. ठिगळ पाहणाऱ्यास सुरेख दिसे. डाग मात्र राहिला होता, म्हणून तिनें दुपटें पुन्हां एकदां भिजविलें. तें कोरें कापड पाण्यांत आटलें. आटतांना त्यानें चहूं बाजूंनीं जुनें कापड आपल्याकडे ओढून घेतलें. यंत्राच्या सुईनें जवळ जवळ पाडलेल्या भोंकांची ओळ टपाल-तिकिटाच्या कडेसारखी झाली होती, ती तशीच सुटली. वीतभर फाटलेलें आतां हातभर फाटलें. त्या रात्रीं सुनेनें बाळाचे कपडे पिशवींत भरले. राहुरीस माहेरीं जातें, बाप्तिस्मा तेथेंच होऊं द्या, असें तिनें नवऱ्यास सांगितलें.

बाप्तिस्म्याची यादी घेऊन मी त्या घरीं गेलों तो दुसऱ्या दिवशीं. आणि येथें मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. मुलानें मला बाजूस घेऊन सर्व हकिकत सांगितली. ती ऐकून मीं सासूबाईंस समोर बसविलें व क्षमेविषयीं बोध केला. कर्ज न सोडणाऱ्या चाकराचा दाखला सांगितला, सात वेळां सत्तर सांगितलें. शेवटीं म्हणालों, "बाई, एका जुन्या फडक्यासाठीं लेंकरूं घरांतून जाऊं देणार काय?" माझें बोलणें शास्त्राला धरून होतें. त्याला खळही भरपूर होती. सासूबाई शांतपणें उठल्या, "चहा ठेवते, पाळकसाहेब," म्हणाल्या, आणि आंत गेल्या. चहा मुलाच्या हातीं बाहेर आला. त्या आल्या नाहींत.

परत येतांना मार्क २:२१ हें वचन माझ्या मनांत आलें. ह्या वचनावर मीं आजवर चार-पांच उपदेश तरी केले असतील, पण त्या दिवशीं तें मला नव्यानें वाचावेंसें वाटलें. प्रसंग आपणांस माहीत आहे. योहानाचे शिष्य व परूशी उपास करीत असत, तुझे शिष्य कां करीत नाहींत, असें लोकांनीं प्रभूला विचारलें. त्यानें उत्तरादाखल जुन्या वस्त्राला लावलेल्या कोऱ्या ठिगळाचा दृष्टांत दिला. ह्याचा पहिला अर्थ स्पष्ट आहे. सुवार्ता ही जुन्या जिण्यावर डकवावयाची चकती नव्हे. दारू सोडण्याची शपथ घ्यावी आणि भावाशीं चाललेला बांधाचा तंटा तसाच ठेवावा, असल्या डागडुजीनें माणूस टिकत नाहीं. हा अर्थ मी बदलूं इच्छीत नाहीं.

परंतु दृष्टांताचें साहित्य प्रभूनें कोठून घेतलें तेंही पाहावें. राजवाड्यांतून नव्हे, शास्त्र्यांच्या शाळेंतूनही नव्हे. ज्या घरांत फाटलेलें टाकून देण्याची ऐपत नसते त्या घरांतून तें घेतलेलें आहे. कोठल्या ठिगळानें काय होतें हें ज्याला ठाऊक आहे त्यानें कोणाला तरी संध्याकाळीं दिव्याजवळ ठिगळ लावितांना पाहिलें असलें पाहिजे. मत्तय व मार्क ह्यांनीं त्या कापडाला जो ग्रीक शब्द योजिला आहे त्याचा अर्थ केवळ "नवें" असा नाहीं. परटानें अजून मळून, तुडवून, धुवून न काढलेलें कापड असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे दोष नवेपणाचा नसून त्या कापडानें अद्यापि पाणी पाहिलेलें नाहीं हा आहे. लूक तर आणखी एक गोष्ट सांगतो, जी शिवणाऱ्या बाईच्याच लक्षांत यावी : नव्या वस्त्राचा तुकडा कापला तर नवेंही फाटतें, आणि तो तुकडा जुन्याला शोभतही नाहीं.

मग मला समजलें कीं त्या घरीं दोन कोरीं ठिगळें लागलीं होतीं. एक सुनेनें बाजारांतून आणिलें होतें. दुसरें मीं शास्त्रांतून आणिलें होतें, आणि फाटण्याला त्यानेंही आपला हातभार लाविला होता.

मंडळ्यांतील तंटे मिटवितांना आपण हेंच नेहमीं करितों, हें येथें सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. दोन कुटुंबांत बिनसलें कीं पंचकमिटी बसते, ठराव होतो, माफीचा कागद लिहून घेतला जातो, आणि प्रभुभोजनापूर्वीं दोघांस सर्वांदेखत हात मिळवावयास लावितात. ठराव कडक, कागद कोरा, शिवण यंत्राची. पहिला पाऊस पडेपर्यंत सर्व सुरेख दिसतें. गलतीकरांस लिहितांना पौलानें (६:१) चुकलेल्यास सौम्यतेनें पुन्हां ठिकाणावर आणण्याविषयीं जें सांगितलें त्यांत त्यानें एक विशेष क्रियापद वापरलें आहे. जब्दीचे मुलगे याकोब व योहान तारवांत बसून जाळीं नीट करीत होते, तेथें शुभवर्तमानकारांनीं तेंच क्रियापद वापरलें आहे. जाळें ठरावानें नीट होत नाहीं. तें मांडीवर घेऊन एक एक गांठ पाहावी लागते.

आमच्या मंडळींत एक म्हातारी विधवा आहे. तिनें आयुष्यभर लोकांच्या गोधड्या शिवून पोट भरलें. आतां तिची दृष्टि मंद झाली आहे, पण बोटें चांगलीं आहेत. मीं तिला दुपट्याची गोष्ट सांगितली. उपदेशाची सांगितली नाहीं, पण तिनें ओळखली. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही त्या दुपट्याला फडकं म्हणालात काय? तिची मधली पोर सात महिन्यांची होऊन गेली. ती त्याच दुपट्यांत गेली. पुरायला नेतांना आईनं तेवढं अंगावरून काढून ठेवलं होतं. सुनेला कुठून ठाऊक असणार? ती सांगते थोडीच." मी खालीं पाहूं लागलों. मीं ज्याला फडकें म्हटलें होतें तें हें होतें.

दुसऱ्या दिवशीं दोन प्रहरीं म्हातारी माझ्याबरोबर त्या घरीं आली. तिनें कोणालाच कांहीं सांगितलें नाहीं. दुपटें मागितलें, जमिनीवर पसरलें आणि डोळे मिटून बोटांनीं चाचपलें. मग सासूबाईंस म्हणाली, "बाई, हे धुण्यानं फाटलं नाहीं. तीस वर्षं एकाच घडीवर पडून होतं. घडींतच कुजलं होतं. पाण्यानं दाखवून दिलं इतकंच. तूं वर्षाकाठीं काढून घडी मोडायची होतीस." सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण सुनेनें मान वर केली.

मग म्हातारीनें जें जें सांगितलें तें मीं तिच्या शब्दांतच लिहून ठेविलें आहे, कारण कोण्या बहिणीस त्याचा उपयोग होईल. रंगाविषयीं ती म्हणाली, "ओलं असतांच लागलीच गार पाण्यांत टाकलं असतं, चार वेळां पाणी बदललं असतं, तर निम्मा रंग गेला असता. ऊन दिलंत, वर इस्त्री फिरवलीत. आतां तो घरचाच झाला. ब्लीचिंग पावडर लावूं नका. ती रंगाआधीं सूत खाते." यंत्रावर लावलेलें ठिगळ काढावयास तिनें पातें घेऊं दिलें नाहीं, उलट्या बाजूनें तीन टांके सोडून एक टांका कात्रीच्या टोंकानें तोडावयाचा आणि दोरा बोटानें हळू हळू ओढावयाचा, असें सांगितलें. त्यांतच एक प्रहर गेला. आंतले गोळा झालेले तुकडे फाटलेल्या तोंडांतून हात घालून पुन्हां आपापल्या जागीं पसरले, आणि हलूं नयेत म्हणून लांब लांब कच्चे टांके घातले.

"आतां ठिगळ," म्हातारी म्हणाली. सुनेनें आपली एक सुती साडी आणून पुढें ठेविली. ती चांगली होती, फारशी वापरलेली नव्हती. म्हातारीनें ती हातांत घेतली व परत दिली. "चांगली आहे पोरी, नेस. ही अजून ताठ आहे. ठिगळ जुन्यापेक्षां जड नसावं, जुन्यापेक्षां ताठ नसावं. दोरासुद्धां सुतीच पाहिजे. नायलॉनचा दोरा तुटत नाहीं, म्हणून तो कापड कापतो." मग सासूबाईंकडे वळून म्हणाली, "तुझं घरांत नेसायचं जुनं लुगडं आण."

सासूबाई उठल्या. आंतून बराच वेळ आल्या नाहींत. मला वाटलें, आतां पुन्हां चहा येणार. परंतु त्या लुगडें घेऊन आल्या. इतकें विरलेलें कीं त्यांतून हात दिसावा. त्यांनीं स्वतःच त्याचा पदर फाडला. फाडतांना आवाजसुद्धां झाला नाहीं. तो तुकडा तरीही ऊन पाण्यांतून एकदां काढून सावलींत वाळविला, मग दोन पदरांच्या मधें आंतून सरकविला. फाटल्याच्या कडेपलीकडे चार चार बोटें चांगल्या कापडापर्यंत नेला, कारण कुजलेल्या कडेवर टांका धरत नाहीं. वरून जुन्या धांवदोऱ्याच्याच ओळीनें टांके घालावयाचे, दोरा ओढून घट्ट करावयाचा नाहीं.

असें दुपटें एकटीनें शिवतां येत नाहीं. एकीनें कापड सपाट धरावें लागतें, दुसरीनें टांका घालावा लागतो. सासूबाईंस सुईंत दोरा ओंवतां येईना, म्हातारीला तर नाहींच. दोरा सुनेलाच ओंवावा लागला. तीन संध्याकाळीं हें काम चाललें. मी पहिल्या दिवशीं होतों. पुढील दोन दिवसांची हकिकत मला मागून कळली. दुसऱ्या संध्याकाळीं शिवतां शिवतां सासूबाई आपण होऊन बोलल्या. लग्न होऊन त्या ह्या घरीं आल्या त्याच वर्षीं त्यांच्या सासूबाईंची नवी गोधडी धुवावयास पाटावर नेली होती. पाटाला पाणी जोरांत होतें. गोधडी भिजून जड झाली, हातांतून सुटली आणि वाहत गेली. त्या कांठाकांठानें धांवत गेल्या, पण ती सांपडली नाहीं. "माझ्या सासूनं मला एक वर्ष रोज ऐकवलं," त्या म्हणाल्या, "आणि मीं मनांत म्हटलं होतं कीं आपण सासू झालों तर असं करणार नाहीं." एवढें बोलून त्या थांबल्या. मग त्यांनीं मधल्या मुलीचें सांगितलें. सुनेनें हातांतलें दुपटें सोडलें नाहीं, कारण सोडलें असतें तर कच्चे टांके हलले असते. पण तिच्या डोळ्यांतील पाणी त्या इरकलीवर पडलें. म्हातारी म्हणाली, "पडूं दे. ह्यानं रंग जात नाहीं."

प्रियजनहो, मीं त्या बाईंस जी क्षमा सांगितली ती खोटी नव्हती. पण ती कोरी होती. ती मीं कोणत्याही पाण्यांतून काढिली नव्हती. त्यांची पाटावरची गोष्ट ही पाण्यांतून गेलेली होती. ती आजवर ट्रंकेंत पडून राहिली होती. तिचाच तुकडा त्या संध्याकाळीं सुनेच्या मनाला लागला आणि धरला.

आणि आपल्या तारणाऱ्याविषयीं शास्त्र जें सांगतें तें मला त्या जमिनीवर पसरलेल्या दुपट्यापाशीं कळलें. देवाला आपली दुरुस्ती करावयाची होती, तेव्हां त्यानें स्वर्गांतील ताठ, कोऱ्या वस्त्राचा तुकडा कापून आपणांवर डकविला नाहीं. तसें केलें असतें तर आपण उभे फाटलों असतों. लूक सांगतो कीं मरियेनें आपल्या बाळाला बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणींत निजविलें; प्रवासांत असलेल्या सुताराच्या घरचीं ती बाळंतीं रेशमी नसणार. तो बाळ मोठा झाला, आणि ज्याला पापाची धुलाई लागत नव्हती तो यार्देनेच्या पाण्यांत इतरांच्या रांगेंत उतरला. तो भुकेला झाला, थकला, मित्राच्या कबरेपाशीं रडला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या व चौथ्या अध्यायांत हेंच सांगितलें आहे कीं तो सर्व प्रकारें आपल्या भावांसारखा झाला, पारखला गेला, आणि म्हणूनच ज्यांची पारख होत आहे त्यांस साहाय्य करूं शकतो. तो आपल्यापेक्षां जड होऊन आला नाहीं. तो आंतून, दोन पदरांच्या मधें आला, आणि जेथें आपलें कापड अजून चांगलें आहे तेथपर्यंत पोंचला, जेणेंकरून टांका धरावा.

कोणी म्हणेल, पाळकानें शिवणकामाचा फार विस्तार केला. असेल. यापो येथील दुर्कस मरण पावली तेव्हां विधवांनीं पेत्राला तिचे गुण वर्णून सांगितले असें प्रेषितांच्या कृत्यांत नाहीं. तिनें केलेलीं वस्त्रें त्यांनीं रडत रडत दाखविलीं असें आहे (९:३९). शमुवेलाच्या आईनें देवाला वाहिलेल्या मुलासाठीं दरवर्षीं लहानसा झगा करून नेला हें सांगावयास शास्त्रानें जागा काढिली आहे (१ शमुवेल २:१९). मीच इतकीं वर्षें हीं वचनें घाईनें वाचीत होतों.

बाप्तिस्म्याच्या दिवशीं दुपटें आलें. मधोमध ठिगळाची जागा दिसत होती. लुगड्याचा रंग निराळा, टांके थोडे वांकडे, कारण त्यांतील अर्धे सुनेचे होते. खालच्या बाजूस तांबडा डाग होता तसाच होता. राहुरीहून आलेल्या एका पाहुण्या बाईंनीं हळूच विचारलें कीं असल्या दिवशीं नवें कां नाहीं आणिलें. सासूबाई म्हणाल्या, "नवं होतं. सून आणणार होती. मीच नको म्हटलं." हें अगदीं खरें नव्हतें, पण त्या वेळीं मीं कांहीं बोललों नाहीं.

बाळाच्या कपाळावर पाणी पडतांच त्यानें मोठ्यानें आपला निषेध नोंदविला, आणि शेवटचें गीत संपण्यापूर्वीं दुपटेंही भिजवून ठेविलें. सासूबाईंनीं तें त्याच्या अंगाखालून काढिलें, पूर्वीच्या घडीवर न घालतां निराळी घडी घातली, आणि सुनेच्या हातीं दिलें.

"उद्यां धू," त्या म्हणाल्या. "गार पाण्यांत. हातानं."

"होय, आई."

"अन् पिळायचं नाहीं," असें मागच्या बांकावरून म्हातारी म्हणाली. तिला कमी ऐकूं येत असल्यामुळें तें साऱ्या मंडळीला ऐकूं गेलें.